टेबलावरची करवंटी

केळं हे झाडाचं फळ नाही, असं आमचं धर्मशास्त्र सांगतं. वसईच्या बागाईतदारानं हे ऐकलं तर तो कोयता घेऊन उठेल. पण शास्त्राचंही म्हणणं ऐकून घ्यावं. ज्याचं खोड वर्षानुवर्षं उभं राहतं आणि ज्याला पुन्हा पुन्हा फळ धरतं, ते झाड. केळीचा घड उतरला की खोड कापून टाकायचं आणि पुढची आशा शेजारच्या पिलावर ठेवायची. तेव्हा केळ पडली भाजीपाल्याच्या बाजूला. म्हणून यहुदी माणसानं केळं सोललं की ते तोंडात घालण्याआधी जी बेराखा म्हणायची, तीत देवाला ‘झाडाचं फळ निर्माण करणारा’ म्हणायचं नाही, ‘भूमीचं फळ निर्माण करणारा’ म्हणायचं. सोळाव्या शतकात रब्बी योसेफ कारो यांनी गालिलीतल्या त्स्फात गावी बसून ‘शुलहान आरूख’ हा आचारधर्माचा ग्रंथ सिद्ध केला, त्यात केळ्याचा हा निकाल नोंदलेला आहे. त्यानंतर वाद मिटला असेल, असं कुणाला वाटत असेल तर त्यानं आमच्या घरी एकदा जेवायला यावं.

बेराखा म्हणजे देवाचे आभार. ते मानल्याशिवाय घास घ्यायचा नाही, घोटही घ्यायचा नाही. दिवसाकाठी शंभर बेराखा व्हाव्यात, असं तालमूद हा आमचा प्राचीन चर्चाग्रंथ सांगतो, त्यामुळे माणूस रिकामा बसण्याची भीती नाही. पण देवालाही मोघम आभार चालत नाहीत. कशाबद्दल ते नेमकं सांगावं लागतं. रोटीला एक बेराखा. गहू-जव वगैरे पाच धान्यांच्या इतर पदार्थांना दुसरी. द्राक्षाच्या रसाला तिसरी, झाडाच्या फळाला चौथी, भूमीच्या फळाला पाचवी आणि यांत कुठंच न बसणाऱ्या सगळ्यांना मिळून सहावी. पाणी, दूध, अंडी, मटण, मासे हे सगळे सहावीतले. ताज्या फडफडीत पापलेटला आणि नळाच्या पाण्याला एकच बेराखा, ही गोष्ट कोकणातल्या माणसाला पचवताना जड जाते. अळंबीही सहावीत, कारण ती जमिनीवर उगवत असली तरी जमिनीतून पोसली जात नाही. ऊस दातांनी सोलून चोखला तरी सहावीच. पपईनं मात्र बगदादच्या रब्बी योसेफ हाइम यांना एकोणिसाव्या शतकात चांगलंच कामाला लावलं. उंची झाडाची, पण खोड पोकळ आणि फळ पहिल्याच वर्षी! शेवटी त्यांनी तिला केळ्याच्या शेजारी नेऊन बसवलं.

हे सगळं मला ठाऊक असायचं काही कारण नव्हतं. आम्ही ठाण्याचे बेने इस्रायल, म्हणजे कोकणातले यहुदी. गावावरून आडनाव, शेवटी ‘कर’, घरात मराठी आणि ताटात भात. पण बहीण लग्न करून अश्दोदला गेली, आणि तिचा मुलगा जेरुसलेमच्या येशिवात, म्हणजे धर्मपाठशाळेत, शिकला. तेव्हापासून दर शुक्रवारी शब्बाथ, म्हणजे शनिवारचा विसावा, लागण्याआधी तो आजीला व्हिडिओ कॉल करतो. तब्येतीची चौकशी अर्ध्या मिनिटात उरकते. मग तो कॅमेरा ओट्याकडं वळवायला सांगतो.

‘‘आजी, हे काय शिजतंय?’’

‘‘जेवायला येणारेस का तू? मग कशाला विचारतोस?’’

भाचा ग्रंथाचा माणूस आहे आणि आई हाताची. तो आधार विचारतो, ती सासूचं नाव सांगते. इथं एक गंमत अशी, की वाडवडिलांपासून चालत आलेल्या रिवाजाला, ज्याला ‘मिनहाग’ म्हणतात त्याला, शास्त्रातही भरपूर वजन आहे. त्यामुळे ‘‘माझ्या सासूबाई असंच करायच्या’’ हे आईचं एक वाक्य आलं, की येशिवातली सगळी वर्षं खिशात घालून त्याला गप्प बसावं लागतं. निदान पुढच्या शुक्रवारपर्यंत.

आईची ही ऐट उगीच नाही. आमच्या समाजाची कथाच अशी आहे, की ग्रंथ मागाहून आला आणि हात आधीपासून होते. अलिबागजवळ नवगावच्या किनाऱ्यावर एक गलबत फुटलं, त्यातून सात पुरुष आणि सात बायका वाचल्या, बाकीचे तिथंच पुरले, अशी ही परंपरागत गोष्ट. सामान बुडालं, त्यात पोथ्याही बुडाल्या. पुढं ही मंडळी कोकणात तेलाचे घाणे चालवू लागली आणि शनिवारी घाणा बंद ठेवू लागली. गावानं त्यांना ‘शनिवार तेली’ म्हटलं. हिब्रू विसरली, प्रार्थना विसरली, तालमूद तर पाहिलाही नव्हता. पण शनिवार, मुलांची सुंता, ‘शेमा’ या प्रार्थनेची एक ओळ आणि मासे निवडायची रीत एवढं टिकून राहिलं. मग दाविद राहबी नावाचे एक यहुदी गृहस्थ आले. हे लोक खरंच आपले का, हे पाहायला त्यांनी बायकांसमोर मासळी ठेवली आणि रांधायला सांगितलं. बायकांनी पर आणि खवले असलेले मासे उचलले आणि बाकीचे बाजूला सारले. तोराचा, म्हणजे मोशेच्या पंचग्रंथाचा, नियम नेमका हाच आहे. परीक्षा पास! जगात धर्माच्या परीक्षा अनेक झाल्या असतील. पण कोळणीच्या पाटीसमोर झालेली आणि बायकांनी दिलेली ही एकच असावी.

ग्रंथवाल्यांचं तेवढ्यावर समाधान झालं नाही, हे पुढं कळलं. इस्रायलला गेलेल्या आमच्या लोकांच्या लग्नांवरून तिथल्या धर्मपीठानं १९६० च्या दशकात शंका काढल्या. आमची माणसं जेरुसलेमला धरणं धरून बसली, आणि १९६४ मध्ये तिथल्या संसदेनं बेने इस्रायल हे सर्व बाबतीत यहुदीच, असा निर्वाळा दिला. आईचं यावरचं मत एका ओळीचं आहे : ‘‘एवढा खटाटोप कशाला? बाजारात पाठवायचं होतं मला.’’

बाजारात तिला पाहण्यासारखं असतं. सुरमई, बांगडा, रावस, पापलेट यांच्याकडं जाते. मुशी, शिंगाळा, वाकटी यांच्यावरून नजर अशी फिरवते, की त्यांनाच अवघडल्यासारखं व्हावं. कोळंबी, चिंबोरी, तिसऱ्या हा विषयच नाही. नेहमीची कोळीण आता इतकी तयार झाली आहे, की नवी मासळी आली तर आईनं विचारायच्या आधीच नखानं खवला उचकटून दाखवते आणि म्हणते, ‘‘बघ म्हातारे, तुझ्या देवाचं शिक्का हाय.’’ शास्त्रानुसार खवला असाच हवा, कातडी न फाटता सुटणारा. कोळीण कुठल्या येशिवात गेली नव्हती.

आता दूध आणि मांस. ‘करडाला त्याच्या आईच्या दुधात शिजवू नको’ हे वचन तोरात तीनदा आलं आहे, आणि तीनदा आल्यामुळे त्याचा अर्थही तिप्पट निघाला : मांस-दूध एकत्र शिजवायचं नाही, खायचं नाही, त्यातून कसला लाभही घ्यायचा नाही. म्हणून दोन्हींची भांडी वेगळी. मटण खाल्ल्यावर दुधाचा चहा हवा तर आमच्या रीतीनं सहा तास थांबायचं. जर्मनीतले यहुदी तीन तास थांबतात आणि हॉलंडमधले एकच. मटणानंतर चहाची तल्लफ आली, की माझे वडील हॉलंडविषयी फार आदरानं बोलत.

कोकणात मात्र हा प्रश्न नारळानं सोडवून ठेवला होता. हिरव्या वाटणातलं मटण, दुधाळ दाट रस्सा, आणि त्यात गाईचा किंवा म्हशीचा थेंब नाही. गव्हाचा चीक काढून आम्ही नव्या वर्षाला हलवा करतो, तोही नारळाच्या दुधात, म्हणून मटणाच्या जेवणावर बिनघोर वाढता येतो. आईला वाटलं, एवढ्यावर तरी नातू खूश होईल. पण त्यानं रस्सा पाहिला आणि कपाळाला आठ्या घातल्या.

‘‘आजी, हे बघणाऱ्याला दुधासारखं दिसतं.’’

‘‘दिसू दे की. आहे का दूध?’’

‘‘नाही, पण पाहुण्याचा गैरसमज होऊ शकतो.’’

याला आधार आहे. क्राकोचे रब्बी मोशे इसर्लिस यांनी कारोंच्या ग्रंथावर जी टिपणं जोडली, त्यांत बदामाच्या दुधात मांस शिजवण्याचा प्रश्न येतो. उत्तर असं, की शिजवावं. पण शेजारी बदाम ठेवावेत, म्हणजे पाहणाऱ्याला खरं काय ते कळेल. क्राकोला नारळ नव्हता. तो असता तर रब्बींनी काय सांगितलं असतं, हे भाच्यानं तर्कानं काढलं : टेबलावर करवंटी ठेवावी.

आईनं पहिल्यांदाच त्याचं ऐकलं. रविवारी मटणाच्या पातेल्याशेजारी तिनं अर्धी खोवलेली वाटी मांडली. आल्यागेल्याला नारळ दिसला, आमच्या घरावर कुणी संशय घेतला नाही. फक्त शेजारच्या काकू जाताना ती वाटी पदराखाली घेऊन निघाल्या. त्यांना वाटलं, ओटी भरायची राहिली असेल आणि सांगायला आम्ही संकोचतो आहोत. तेव्हापासून आई किशी निघालेली रिकामी करवंटीच ठेवते. ती कुणी नेत नाही.

माशावर दूध पिऊ नये, याबाबत मात्र ग्रंथ आणि हात यांचं अनपेक्षित एकमत झालं. कोकणात कुठल्याही जातीच्या आजीला विचारा. मासे खाऊन दूध प्यायलं तर अंगावर कोड उठतं, हे ती शपथेवर सांगेल. हे धोक्याचं आहे, असं कारोंनीही लिहून ठेवलं आहे. पुढच्या टीकाकारांनी डोकं खाजवलं. कुणी म्हणालं, लेखणी घसरली असेल, त्यांना मांस म्हणायचं असेल. युरोपातल्या यहुद्यांनी तर ही गोष्ट कधी मनावरच घेतली नाही. भाच्याची बायको मुळात पोलंडकडच्या घराण्यातली. ती सकाळी पावावर मलईचं चीज फासते, वर धुरावलेला सॅमन पसरते आणि आनंदानं खाते. आई अश्दोदला गेली की नातसून खात असेपर्यंत तिच्या कातडीकडं बघत बसते. इतक्या वर्षांत काही उठलेलं नाही, पण आईनं आशा सोडलेली नाही. ‘‘तुमच्या कारोंनी लिहिलंय ना? मग?’’ असं ती आता म्हणू लागली आहे. आपल्या सोयीचा ग्रंथकार सापडला की हाताचा माणूसही ग्रंथ वाचू लागतो.

सणांचंही असंच. आमच्या पूर्वजांना हिब्रू नावं आठवत नव्हती, म्हणून त्यांनी सणांना स्वयंपाकघरातून नावं दिली. हाईम सॅम्युएल केहिमकर यांनी १८९७ मध्ये लिहून पुरा केलेला समाजाचा इतिहास पुढं १९३७ मध्ये तेल अवीवला छापला गेला. त्यात ही सगळी यादी आहे. नव्याचा सण, खिरीचा सण, बिरड्याचा रोजा. योम किप्पुर या प्रायश्चित्ताच्या दिवशी दारं लावून घरात बसायचं, तो दरफाळणीचा सण. आणि त्याच्या दुसऱ्या दिवशी शिळा सण, कारण पंचवीस तासांच्या कडक उपासानंतर माणसाला आणखी काय सुचणार? बिरड्याचा रोजा हा जेरुसलेमचं मंदिर उद्ध्वस्त झालं त्या दिवसाचा दुखवटा. ग्रंथ सांगतो, या उपासाआधी शोकाचं जेवण साधं असावं, डाळ किंवा अंडं. आमच्या लोकांना हे कुणी सांगितलेलं नव्हतं. त्यांनी वाल भिजवले, मोड आणले, सोलले आणि बिरडं केलं. डाळच ती. फक्त चवीला शोकाच्या मानानं अंमळ बरी.

मलिद्याच्या ताटाशी मात्र हात आणि ग्रंथ यांची खरी कुस्ती झाली. एलियाहू हन्नाबी म्हणजे एलिया संदेष्टा हा आमच्या घरचा. लग्न ठरलं, नोकरी लागली, दुखण्यातून माणूस उठला, की त्याच्या नावानं मलिदा. अलिबागजवळ खंडाळ्याला त्याच्या रथाच्या चाकाची खूण खडकावर उमटली आहे, असं मानतात. तिथंही मंडळी मलिदा घेऊन जातात. पोहे भिजवायचे, त्यात गूळ किंवा साखर, ओलं खोबरं, वेलची, सुका मेवा. ताटात ढीग रचायचा आणि भोवती फळं मांडायची. आता या एका ताटाला बेराखा किती आणि कोणत्या क्रमानं? खजूर आधी, कारण तो तोरानं वाखाणलेल्या सात पिकांपैकी. मग सफरचंद, झाडाचं म्हणून. मग केळं, झाडाचं नाही म्हणून. इथवर सगळे सुखरूप पोचतात. गाडी अडते ती पोह्यांशी.

शिजवलेल्या भाताला दुसरी बेराखा, कच्च्या तांदळाला पाचवी, हा ग्रंथाचा निकाल. ‘‘मग पोहे शिजलेले का कच्चे?’’ भाच्यानं विचारलं. आईनं सांगितलं, भात गरम पाण्यात भिजवतात, भट्टीत भाजतात, कांडून चपटा करतात. ‘‘म्हणजे शिजले?’’ ‘‘शिजले कसे? शिजवले असते तर भात नसता का झाला?’’ ‘‘म्हणजे कच्चे?’’ ‘‘कच्चे कसे? कच्चा तांदूळ खाऊन बघ.’’ त्यानं त्याच्या गुरुजींना विचारलं. त्यांनी पोहे पाहिलेले नव्हते. भाच्यानं अश्दोदच्या भारतीय दुकानातून पुडा नेऊन दाखवला. गुरुजींनी एक पोहा उजेडात धरून आरपार पाहिला, आणि मग विचारलं म्हणे, की हा एकेक खातात का चमच्यानं? तिथल्या पाठशाळेत त्यावर दोन तट पडले असं ऐकतो. आमच्याकडं प्रार्थना चालवणाऱ्या हझान काकांनी तोवर ठाण्यात मलिदा वाटूनही टाकला होता.

आमचा प्रांत ग्रंथाला अगदीच अनोळखी होता, असं मात्र नाही. तालमूदमध्ये बाबेलच्या पंडितांनी एका खाऊचा खल केला आहे : हिंदुस्थानातून येणारा आल्याचा मुरंबा. परदेशी लोकांनी केलेला, खावा का? खावा. बेराखा कोणती? भूमीच्या फळाची. निकाल लागला आणि तो आजही चालू आहे. दीड हजार वर्षांपूर्वी कुणीतरी विद्वान वाद घालता घालता आलेपाकाचा तुकडा चघळत असणार, या विचारानं मला त्यांच्याविषयी एकदम घरोबा वाटतो. ज्वारीचं नशीब एवढं थोर नाही. तांदळाच्या भाकरीला दुसरी बेराखा मिळते, आणि ज्वारी-बाजरीच्या भाकरीची बहुतेकांनी सहावीत बोळवण केली आहे. सोलापूरकडच्या माणसाला हे सांगायची माझी हिंमत नाही.

सुक्कोथचा मांडव घालायचा तर छताला झाडाचाच पाला हवा, आणि वर उघडं आभाळ हवं. झावळ्यांची कोकणात कधी ददात नव्हती. सणाला लागणारं महाळुंगही आपल्याकडचंच. अडचण एकच, हा सण परतीच्या पावसात येतो. तालमूदचा गाभा असलेल्या मिश्नात त्याचीही सोय आहे : पावसानं ताटातलं कालवण बिघडण्याची वेळ आली, की मांडव सोडून घरात यावं. भाचा म्हणाला, ‘‘आजी, वरण पातळ व्हायला लागलं की उठायचं.’’ आई म्हणाली, ‘‘आपलं वरण पातळच असतं. मग बसायचंच नाही का?’’

शनिवार हा तर आईचा हक्काचा विषय. शब्बाथला आग पेटवायची नाही, दिवा लावायचा नाही, दुसऱ्याला लाव असंही म्हणायचं नाही. मात्र नुसती वस्तुस्थिती बोलून दाखवायला बरेच रब्बी परवानगी देतात. ‘‘म्हणजे ‘दिवा लावा’ म्हणायचं नाही,’’ भाच्यानं समजावलं, ‘‘ ‘अंधार आहे’ म्हणायचं.’’ आईनं प्रयोग केला. काकू दारात आल्या तेव्हा ती म्हणाली, ‘‘केवढा अंधार पडलाय नाही?’’ काकू म्हणाल्या, ‘‘हो ना, दिवस लहान झालेत.’’ मग दोघी त्या अंधारात थंडीचे लाडू या विषयावर बोलत बसल्या. खरं तर याच काकू कितीतरी वर्षं शुक्रवारी रात्री नऊच्या सुमाराला न सांगता यायच्या, बैठकीतला दिवा घालवायच्या, पंखा एकावर आणायच्या आणि निघून जायच्या. त्यांना कुणी कधी खूण केली नव्हती. ग्रंथाप्रमाणे खूण करायला गेलो आणि काकूंना वाटलं, यांना गप्पा मारायच्या आहेत.

याच दिवशी निवडणं-टिपणंही वर्ज्य. तांदळातला खडा काढायचा नाही, कारण तो चांगल्यातून वाईट वेगळं करण्याचा उद्योग झाला. उलट वाईटातून चांगलं हातानं उचललं आणि लगेच खाल्लं, तर चालतं. मग काटेरी मासा कसा खायचा? युरोपात यावर मोठा तोडगा निघाला : शुक्रवारीच काटे काढून माशाचे गोळे करून ठेवायचे. ते गोळे आईनं अश्दोदला चाखले आहेत. त्यांत साखर होती, यापलीकडं ती काही सांगत नाही. शनिवारच्या पंगतीत आमच्याकडं आदल्या दिवशीचा पाला मासा होता, म्हणजे काट्यांचं जाळंच. भाच्यानं कॅमेऱ्यातून नंतर विचारलं, ‘‘आजी, शनिवारी काटा काढलास?’’

‘‘काटा कोण काढतं? मासा काढतो आपण. काटा ताटात राहतो.’’

तो बराच वेळ काही बोलला नाही. मग त्यानं मान्य केलं, की शास्त्रात हेच लिहिलंय, फक्त तिथं त्याला तीन पानं लागली आहेत.

पेसाहला आई अश्दोदला गेली. हा खमिराशिवायचा सण. पीठ भिजवल्यापासून अठरा मिनिटांच्या आत मात्साची रोटी भट्टीत गेली पाहिजे, नाहीतर पीठ आंबलं असं धरतात. भाच्यानं मोबाइलवर घड्याळ लावून हे सांगितलं, तेव्हा आईनं त्याच्याकडं नुसतं पाहिलं. पोळपाटाशी उभी राहिलेली बाई अठरा मिनिटांत काय काय करते, हे त्याला कुणी शिकवलेलं नव्हतं. खमिराचं सगळं घराबाहेर काढावं किंवा परधर्मीयाला विकावं लागतं. इस्रायल सरकारच्या मालकीचं जेवढं आहे, तेवढं दरवर्षी एका अरब गृहस्थाला रीतसर विकतात, आणि सण संपला की परत घेतात. अबू घोष गावच्या, हॉटेलात काम करणाऱ्या एका माणसानं हा सौदा बरीच वर्षं केला. आठवड्याभरापुरतं एका सरकारचं धान्य आपलं, हा मान कुठल्या सावकाराला मिळाला नसेल.

खरा पेच भाताचा. युरोपातले यहुदी या सणात तांदूळ आणि डाळीही खात नाहीत. गव्हाचा दाणा मिसळला तर, ही भीती. आम्ही भाताशिवाय आठ दिवस काढणं अशक्य, म्हणून आम्ही तो तीनदा निवडून खातो. सेदेरच्या, म्हणजे पेसाहच्या पहिल्या, रात्री एकाच टेबलावर पोलंडचे व्याही आणि कोकणातली आई. त्या रात्री वाचायची पोथी, हग्गादा, मुंबईत १८४६ मध्ये मराठीत छापून निघाली होती. आईजवळची प्रत तिच्याच वळणाची, तीवर हळदीचे डाग. वाचन झालं, मुलांनी चार प्रश्न विचारले, जेवण आलं. व्याह्यांनी आईच्या ताटातल्या भाताकडं पाहिलं. आईनं त्यांच्या ताटातल्या बटाट्याकडं पाहिलं. दोघंही इजिप्तच्या एकाच गुलामगिरीतून सुटल्याचा आनंद साजरा करत होते. पण आपण जास्त सुटलो, अशी आईची खात्री त्या रात्री झाली.

मग आई उन्हाळाभर तिथंच राहिली, आणि आंब्याचा मोसम आला. हंगामातलं पहिलं फळ खाताना एक खास बेराखा असते, शेहेहेयानू : आम्हाला जिवंत ठेवलंस, सांभाळलंस आणि या वेळेपर्यंत पोचवलंस. हापूसच्या पहिल्या पेटीवर आई ही ठाण्यातच म्हणून गेली होती, आणि अगदी मनापासून. त्याआधीही एक पायरी आहे. फळ वास घेण्यासाठी उचललं, तर सुवासाची वेगळी बेराखा. बाजारात देठाशी नाक लावून आंबा पारखणाऱ्या आईला हे कळलं, तेव्हा ती म्हणाली, ‘‘पेटीत चार डझन असतात. भाव कधी करायचा?’’

तर अश्दोदला जुलैत ‘माया’ नावाचा आंबा आला. भाच्यापुढं दोन प्रश्न उभे राहिले. एक, हापूसवर बेराखा झाली असताना दुसऱ्या जातीवर ती पुन्हा म्हणायची का? चव-रंग वेगळे असतील तर म्हणावी, असं मत आहे. आईला विचारलं, या दोन आंब्यांत फरक आहे का? ती म्हणाली, ‘‘फरक? हापूसनंतर हा खायला लावून देवानं मला या वेळेपर्यंत पोचवलं, याचे आभार मानू का तक्रार करू?’’ फरक सिद्ध झाला. पण दुसरा प्रश्न अवघड होता. बिरड्याच्या रोजाआधीचे तीन आठवडे शोकाचे, त्यांत शेहेहेयानू म्हणणं टाळतात, आणि माया नेमका त्यातच पिकून बसला होता. बेराखा नाही, तर आंबा नाही. टोपलीतले पाच आंबे घरभर घमघमत होते, आणि कुणीही वास न घेतल्यासारखं करत इकडून तिकडं जात होतं. भाच्यानं रात्री उशिरापर्यंत पानं चाळली आणि सकाळी तोंड उजळून आला : शब्बाथला शोक नसतो, तेव्हा शनिवारी चालेल, असं अनेकांचं म्हणणं आहे.

‘‘म्हणजे शनिवारपर्यंत थांबायचं,’’ आई म्हणाली. ‘‘एवढंच ना? तेवढं आमच्याकडं आधीपासून येतं.’’

शनिवारी जेवणं झाली. आंबा मध्ये ठेवला, सगळ्यांनी बेराखा म्हटली, फोडी झाल्या. नातसून, व्याही, मुलं शिस्तीत काट्यानं खाऊ लागली. आईनं कोय उचलली, दोन्ही हातांनी धरली, आणि अचानक थांबली. बहीण सांगते, इतक्या वर्षांत आई खाताना थांबलेली तिनं पाहिली नव्हती.

‘‘अरे,’’ तिनं नातवाला विचारलं, ‘‘फोडीवर बेराखा झाली. पण हिच्यावरचा गर तर अजून सुटलेला नाही, आणि मी ही चोखणार. ऊस चोखला तर सहावी म्हणालास. मग कोय चोखायची कुठली?’’

भाच्यानं काटा खाली ठेवला, मागं शेल्फाकडं पाहिलं, आणि खुर्ची सरकवून उठला. त्याला पान सापडेपर्यंत आईची कोय पांढरी झाली होती.